पोट नसलेला झिंगा

डिसेंबरात मी आठ दिवस गोंदिया जिल्ह्यात राहून आले. ओवी, तू फोनवर विचारलंस, "आजी, तिथे बघायला काय आहे?" मी म्हटलं, "तळी आहेत, पक्षी आहेत." ते खरंच होतं, पण ते पूर्ण उत्तर नव्हतं. पूर्ण उत्तर लांब आहे आणि त्यातला मोठा भाग तुझ्या दादासाठी, निखिलसाठी आहे. निखिल तीन महिने फोनवर आलेला नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. तू हे मोठ्याने वाच. तो दुसऱ्या खोलीत असला तर मधलं दार उघडं ठेव.

आधी काय झालं ते सांगते, कारण चूक माझी आहे आणि ती नीट नोंदवायला हवी.

सप्टेंबरात पुण्याच्या पत्त्यावर निखिलचं खोकं आलं. तुमच्या कॅलगरीपासून काही तासांवर जे डोंगर आहेत, तिथे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला चिखल दगड होऊन बसला आहे. पृथ्वीवर प्राणी नुकते कुठे दिसू लागले होते तेव्हाचा तो समुद्र. निखिल शाळेच्या सहलीत तिथे गेला आणि एका जीवाश्माच्या साच्यातून त्याने स्वतः प्लास्टरचा तुकडा ओतून आणला. तो वीतभर, बाकदार, पेरापेरांचा होता आणि आतल्या बाजूला काट्यांच्या जोड्या होत्या. सोबत एक चिठ्ठी होती, मराठीत. निखिलच्या हातचं मराठी मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यात लिहिलं होतं: "हा अ‍ॅनोमॅलोकॅरिस. हा पूर्ण प्राणी नाही. हा एका मोठ्या प्राण्याचा हात आहे. तो समुद्रातला पहिला मोठा शिकारी होता."

मी काय करायला हवं होतं ते कुणालाही कळेल. मी लाल पेन घेतलं. चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, तो हात आपोआप पेनाकडे जातो. माझ्या एम.एस्सी.च्या वह्या अजून क्रमाने लावलेल्या आहेत. त्यात हा प्राणी कोळंबीसारखा म्हणून स्वच्छ लिहिलेला होता, आकृतीसकट. मी निखिलचं दुसरं आणि तिसरं वाक्य खोडलं. समासात लिहिलं, "कोळंबीवर्गीय प्राणी. डोकं तुटलेलं आहे. नावाचाच अर्थ 'विचित्र कोळंबी' असा होतो, तो पाहावा." खाली दहापैकी चार गुण दिले. झेरॉक्स काढून माझ्याकडे ठेवली आणि मूळ चिठ्ठी परत पाठवली, म्हणजे त्याला चूक समजेल.

पंधरा दिवसांनी ओवी, तू सांगितलंस की दादाने चिठ्ठी फाडली आणि रविवारच्या मराठी वर्गाला जायचं बंद केलं.

गोंदिया

कुसुम म्हणजे माझी हॉस्टेलमधली खोलीसोबतीण. तिने गोंदियाच्या कॉलेजात आयुष्यभर हिंदी शिकवलं. स्टेशनवर ती आधीच उभी होती आणि मी उतरताच म्हणाली, "यादी करून आणली असशील ना सामानाची?" यादी होतीच. चौदा वस्तू. चौदावी वस्तू निखिलचा तुकडा होता, मोज्यात गुंडाळलेला. तो का घेतला हे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगू शकले नसते. कुणीतरी शहाण्या माणसाने तो बघून "तुझंच बरोबर" म्हणावं, असं बहुधा वाटत होतं.

गोंदिया शहरात कानावर हिंदीच जास्त पडते. रिक्षावाला मला म्हणाला, "माताजी, सामान मुझे दो, आप बस बैठो," आणि लगेच कुसुमला मराठीत म्हणाला, "मॅडम, पाहुने पुन्याचे काय?" मी विचारलं, कसं ओळखलं? तो म्हणाला, "पिशवीवर नाव लिवलं हाये." पिशव्यांवर नाव-पत्ता लिहिण्याची माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

सकाळी पोह्यांवर लाल तर्री ओतून देतात. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर, फार तर लिंबू. इथे पोहे तर्रीत पोहत असतात. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्या दिवशी मी वाटी पुढे करून आणखी मागितली.

पहिल्याच संध्याकाळी मी कुसुमला तुकडा आणि झेरॉक्स दोन्ही दाखवलं. तिने तुकड्याकडे पाहिलंच नाही. झेरॉक्स वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तू नातवाच्या पत्राला मार्क दिले?"

"चूक होती, कुसुम."

"माझ्या लग्नपत्रिकेतही तू लाल शाईने दोन चुका काढल्या होत्या. छापून वाटून झाल्यावर! आता सत्तरी आली. अजून तपासूनच राहिली का तू?"

"मग चुकीचं तसंच राहू द्यायचं?"

"मला काय विचारते? मी हिंदी शिकवलं. पण त्या पोराने तुला वस्तू पाठवली होती, उत्तरपत्रिका नाही."

मी विषय बदलला. तुकडा परत मोज्यात घातला.

नागऱ्याहून येताना

नागऱ्याचं जुनं शिवमंदिर शहरापासून जवळच आहे. दगड थंड, आवारात शांतता, आम्ही दोघी अर्धा तास नुसत्या बसून होतो. सांगायची गोष्ट मात्र परतीच्या रस्त्यावरची आहे. एका शेताच्या कडेला कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता आणि एक म्हातारी त्यावर पाणी घालत होती. मी वाकून पाहिलं. तो दगड म्हणजे कुठल्यातरी मोडक्या मूर्तीचा कोपर होता. शेंदराखाली बाजूबंदाची नक्षी स्पष्ट दिसत होती.

मी म्हटलं, "बाई, ही देवी नाही. हा एका मोठ्या मूर्तीचा हात आहे."

म्हातारीने तांब्या खाली ठेवला. "हात तं हात. देवीचाच असन ना? आमच्या भैसाचा तं नाही."

कुसुम इतकी हसली की तिला खोकला आला. मी मात्र मनात स्वतःवर खूश होते. शेंदराच्या थराखालून कोपर ओळखला होता मी. माझ्याच पर्समध्ये एक हात होता आणि तो मला ओळखता आला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

कामठा

कामठ्याला कुसुमच्या नणंदेकडे जेवण होतं. धान कापून झालेलं, शेतांत पुंजणे उभे. पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचे गोल ढीग, लांबून झोपड्यांसारखे दिसतात. रिकाम्या झालेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, उगवून आली होती. धान उभं असतानाच तिचं बी ओल्या चिखलात फेकतात. वेगळी नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. दूर दोन सारस पक्षी चालत होते, दोघे एकमेकांकडे बघत, फिरायला निघालेल्या निवृत्त जोडप्यासारखे. त्यांना नीट पाहायला मी बांधावरून एक पाऊल पुढे टाकलं आणि घोट्यापर्यंत चिखलात गेले. पाय निघाला, बूट राहिला. कुसुमच्या नणंदेने हात घालून तो ओढून काढला आणि घरी नेऊन विहिरीवर धुतला. माझं काही ऐकलं नाही.

जेवताना चिन्नोर तांदळाचा भात होता. त्याचा वास दारापर्यंत येतो. मी दुसऱ्या वाढीला ताटावर हात आडवा धरला. पुण्यात हात धरला की वाढणारा थांबतो. इथे हातावरच भात पडला. "पुन्याहून आल्या अन् चिमनीवानी खाता? कायले आल्या मंग?" हे रागाने म्हटलेलं नव्हतं. इथे माणसं मनातलं वाक्य गुळात बुडवून देत नाहीत एवढंच. मला ते दोन दिवसांत आवडू लागलं. तसंच एक, याहून जड वाक्य लवकरच माझ्यावर येणार होतं.

नवेगाव बांध

चौथ्या दिवशी आम्ही नवेगाव बांधला गेलो. टेकड्यांच्या मधोमध फार जुना, फार मोठा तलाव आहे, लोकांनीच बांध घालून अडवलेला. चारही बाजूंनी जंगल. आम्ही विश्रामगृहात उतरलो. सकाळी पाण्यावर वाफ होती आणि तिच्यातून बदकांचे आवाज येत होते, बदकं दिसत नव्हती.

कुसुम दर हिवाळ्यात इथे येते आणि दर वेळी भागरताबाईंकडून झिंगे घेते. झिंगे म्हणजे आपली गोड्या पाण्यातली कोळंबी. भागरताबाई ढिवर समाजाच्या, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या. वय माझ्याएवढंच असेल. त्यांचे यजमान पहाटे डोंग्यातून जाळं ओढून आणतात. मग त्या काठावर बसून मासे निवडतात, झिंगे सोलतात, बाजारात नेतात. आम्ही गेलो तेव्हा त्या मोठे झिंगे सोलत होत्या. बोटं इतकी भराभर चालत होती की मला सुरी कुठे आहे ते शोधावं लागलं. सुरी नव्हतीच. डोकं मोडायचं, कवच काढायचं, अंगठ्याच्या नखाने पाठीला चीर द्यायची आणि आतला काळा दोरा ओढून फेकायचा. तो दोरा म्हणजे झिंग्याचं आतडं. मी वर्गात शेकडो कोळंब्या चिरल्या, पण एकेकीला दहा मिनिटं लागत.

मी सहज, खरं सांगायचं तर अजिबात सहज नाही, पर्समधून मोजा काढला आणि तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"हे काय होय, बाई?"

"झिंगाच आहे. फार फार जुना, दगडात सापडलेला. हा त्याचा ठसा."

भागरताबाईंनी ओल्या हातानेच तो घेतला. उलटा केला, सुलटा केला. पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, झिंग्यावर फिरवतात तसंच.

"झिंगा? कोन म्हनते?"

"मी म्हणते. पुस्तकातही तसंच आहे. नावाचा अर्थच झिंगा असा आहे."

"तुमी झिंगा कधी सोलला का?"

"सोलला म्हणजे... शेकडो चिरलेत. मी शिकवत होते."

"चिरले असन. सोलला का?"

कुसुम पाण्याकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

भागरताबाईंनी टोपलीतला एक झिंगा उचलून माझ्यासमोर धरला. "बगा. याच्या पाठीतून हा दोरा जाते. खाल्लेलं सारं याच्यात राहते. तुमच्या याच्यात दोरा कोठी हाये?"

"दगडात उमटला नसेल."

"एवढे बारीक काटे उमटले, अन् दोरा काऊन नाही उमटला?"

मी तुकडा हातात घेतला आणि पहिल्यांदा खरोखर पाहिला. सप्टेंबरपासून तो माझ्या टेबलावर होता. मी त्याच्याकडे पाहून वही पाहिली होती, वहीकडे पाहून तुकडा नाही. एकेका काट्याचं टोक दिसत होतं. पेरांच्या रेषा दिसत होत्या. आत काहीही नव्हतं.

"पोट नसलेलं जनावर मी अजून पायलं नाही," भागरताबाई म्हणाल्या. "पोटासाठीच तं जनावर होते."

"पण मग पुस्तकात..."

"पुस्तकवाल्याले एवढाच तुकडा भेटला असन. त्यानं काय करावं?" असं म्हणून त्या उठल्या आणि काठावरच्या गवतातून एक खेकड्याची नांगी घेऊन आल्या. वाळलेली, पांढरी, अगदी अखंड. "हे पाहा. खेकडा कोठी हाये? बगळ्यानं खाल्ला, नाही तं सडला. अंग नरम राहते, ते जाते. नांगी कठीन, ते राहते. ज्यानं कधी खेकडा पायला नाही, तो म्हनन हेच जनावर होय."

"मग हे काय आहे?"

त्यांनी तुकडा पुन्हा घेतला, त्याचा रुंद भाग आपल्या खांद्याशी लावला आणि बाक आत, तोंडाकडे वळवला. अगदी भाताचा घास घ्यावा तसा.

"हात होय. मोठ्या जनावराचा हात. खाऊ धरून तोंडात घालाचा."

निखिल, तुझंच वाक्य. शब्दही जवळजवळ तेच. तू ते डोंगरावरून लिहिलंस आणि या बाईंनी ते तलावाच्या काठावर बसून म्हटलं. तुमच्या दोघांच्या मधे लाल पेन घेऊन मी बसले होते.

मी पर्समधून झेरॉक्स काढली. भागरताबाईंना अक्षर येत नाही. त्या म्हणाल्या, वाचा. मी वाचली. समासातली माझी ओळही वाचली, कारण ती न वाचणं ही लबाडी झाली असती.

"पोट्टा केवढा हाये?"

"अकरा वर्षांचा."

"त्यानं बरोबर लिवलं होतं?"

"हो."

"अन् तुमी खोडलं?"

"हो."

"काऊन?"

निखिल, त्या 'काऊन'चं उत्तर आता देते. कारण वही जुनी होती आणि वहीवर माझा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. तो दगड तू जाऊन पाहिला होतास, मी नाही. तरी खात्री माझी जास्त होती. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी फक्त म्हटलं, "आता तो माझ्याशी बोलत नाही."

भागरताबाई पुन्हा झिंगे सोलू लागल्या. मला वाटलं विषय संपला. चार-पाच झिंगे सोलून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"हात एवढा, तं तोंड कसं असन?"

"काय?"

"तोंड. हात आत वळते, बरोबर. पन तोंड झिंग्यावानी की मासोळीवानी? दात होते का? एवढा काटेवाला हात, तं दात पायजेच. नाही तं धरून उपयोग काय?" त्यांचं काम पहिल्यांदाच थांबलं होतं. हातातला झिंगा तसाच राहिला होता. "जनावर केवढं होतं? डोरे कोठी होते?" डोरे म्हणजे डोळे. इथे 'ळ'चा कधी कधी 'र' होतो.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. चौतीस वर्षांत मी हे वाक्य वर्गात किती वेळा म्हटलं असेल? एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

"पोट्ट्याले माहीत असन?"

"त्याला नक्की माहीत असेल."

"मंग इचारा."

"तो माझ्याशी बोलत नाही म्हटलं ना."

"तुमच्यासाठी नोका इचारू," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी इचारा. माह्यावर तं राग नाही ना त्याचा?"

दुपारी विश्रामगृहात त्याच झिंग्यांचं वांगी घालून कालवण झालं. मी तीन वेळा भात घेतला. ताटावर हात धरला नाही.

परत

गोंदियाला आल्यावर कुसुम म्हणाली, "चल, बाजारात सायबर कॅफे आहे. दोन मिनिटांत कळेल तोंड कसं होतं ते." मी नको म्हटलं. ती म्हणाली, "पन्नास वर्षांत पहिल्यांदा तू उत्तर आधी पाहून ठेवलं नाही."

अजूनही मी पाहिलेलं नाही. पुण्यात घरी संगणक आहे, शेजारच्या मुलाने जोडूनही दिलेला आहे. मी त्या बाजूला जात नाही.

तुकडा सुखरूप आहे. फक्त भागरताबाईंच्या ओल्या हातांमुळे त्याला झिंग्यांचा वास लागला आहे आणि तो काही केल्या जात नाही. तेव्हा माझं म्हणणं वासापुरतं तरी खरं ठरलं. एम.एस्सी.च्या वहीत त्या आकृतीशेजारी मी टीप लिहिली आहे: "चूक. हा हात आहे. सांगणारे: निखिल, आणि नंतर भागरताबाई." तुझं नाव आधी, कारण तू आधी सांगितलंस. गुण दिलेले नाहीत. ते देण्याचा अधिकार मला नव्हता.

निखिल, आता काम तुझ्याकडे आहे. नवेगाव बांधच्या काठावर एक बाई वाट बघते आहे. तिने आयुष्यभर जाळ्यात आलेलं प्रत्येक जनावर हातात घेऊन पाहिलं आहे आणि तिला या एकाचं तोंड पाहायचं आहे. सोबतच्या पाकिटावर तिचा पत्ता मी लिहून ठेवला आहे, इथली तिकिटंही चिकटवली आहेत. तू फक्त पत्र आत घालून ते मला पाठव, मी ते न उघडता पुढे टाकीन. चित्र काढलंस तर उत्तम. सोबत चार ओळी मराठीत लिही, कारण तिला दुसरी भाषा येत नाही. तिची सून वाचून दाखवणार आहे.

चुका झाल्या तर होऊ देत. सुनेला लाल पेन लागत नाही. तिला तोंड कसं होतं एवढंच सासूला सांगायचं आहे.